ज्वारीचे वाफे आणि चुका पकडणारे गणित

१९३३ साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र उघडले. पुण्याजवळच्या मांजरीत १९२३ पासून असे प्रयोग चालू होते. पण कोरडवाहू शेतीचा खरा कस लागतो तो सोलापूरच्या काळ्या रानात. तिथे पावसाळा दगा देऊन जातो आणि परतीच्या पावसाच्या ओलीवर रब्बीची ज्वारी काढावी लागते. इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चने सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक अशी पाच केंद्रे त्या दोन-तीन वर्षांत उभी केली. एन. व्ही. कानिटकरांचे कोरडवाहू शेतीवरचे पुस्तक याच कामातून आले. मोहोळच्या केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडलेला एम ३५-१ हा वाण तर आजही घरोघरच्या भाकरीत आहे.

माहितीशास्त्राच्या लेखात ज्वारी कुठून आली, असे वाचकाला वाटेल. मोबाइलवरचा आवाज, उपग्रहाकडून आलेले चित्र, दुकानातला क्यूआर कोड हे सगळे वाटेत झालेल्या चुका दुरुस्त करून घेते, म्हणून आपल्यापर्यंत धड पोहोचते. त्या दुरुस्तीच्या गणिताला दोन घराणी आहेत. एक अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीचे, ते सगळ्यांना माहीत असते. दुसरे शेतातल्या प्रयोगांचे. त्याची वाट कोलकाता, नागपूर आणि मुंबई अशी जाते. या दुसऱ्या घराण्याकडे आपल्याकडेही फारसे कोणी वळून पाहिलेले नाही.

अशा प्रत्येक संशोधन केंद्रापुढचे प्रश्न वरवर साधे होते. कोणता वाण बरा, किती शेणखत घालावे, दोन ओळींत किती अंतर ठेवावे. वीस गुंठ्यांत एक वाण पेरला, शेजारच्या वीस गुंठ्यांत दुसरा, आणि पहिल्याने जास्त उतारा दिला, तर श्रेय वाणाचे की जमिनीचे? एका बांधाला खोल काळी आणि दुसऱ्या बांधाला मुरूम, हे सोलापूर भागातला कोणीही शेतकरी सांगेल. म्हणजे जमिनीचा पक्षपात कसा वगळायचा, हा मूळ प्रश्न.

इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड शेतकी केंद्रात १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी त्यावर पद्धतशीर उत्तर दिले. शेताचे चौकोनी वाफे पाडायचे आणि वाण असे वाटायचे की प्रत्येक आडव्या रांगेत आणि प्रत्येक उभ्या रांगेत प्रत्येक वाण एकदाच येईल. मग उताराची बाजू, ओलीची बाजू सगळ्यांच्या वाट्याला सारखी येते. या मांडणीला लॅटिन चौरस म्हणतात. वाणांबरोबर खतेही तपासायची असतील तर एकावर एक असे दोन चौरस बसवावे लागतात. क, ख, ग हे तीन वाण आणि १, २, ३ ही तीन खते घेतली तर नऊ वाफे असे लागतात:

क१ ख३ ग२
ख२ ग१ क३
ग३ क२ ख१

प्रत्येक रांगेत, आडवी घ्या की उभी, तिन्ही वाण आणि तिन्ही खते एकेकदा आली आहेत. शिवाय प्रत्येक वाणाची प्रत्येक खताशी गाठ नेमकी एकदाच पडते. असे एकमेकांत बसणारे दोन चौरस मोठ्या आकाराचे हवे असतील तर ते मिळतात का, हा प्रश्न मात्र फिशरच्या फार आधीचा आहे. लिओनार्ड ऑयलर यांनी १७८२ साली तो छत्तीस लष्करी अधिकाऱ्यांच्या रूपात मांडला होता: सहा पलटणी, सहा हुद्दे, सहा बाय सहाची कवायत. ऑयलरना मांडणी सापडली नाही. त्यांनी अंदाज बांधला की ६, १०, १४, १८ अशा, म्हणजे चारने भागल्यावर दोन उरणाऱ्या, कोणत्याही आकाराला ती सापडणारच नाही. १९०० च्या सुमारास फ्रान्समधल्या गास्तोन तारी यांनी एकेक शक्यता तपासून सहाच्या बाबतीत ऑयलर बरोबर असल्याचे दाखवले. दहाचे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

हा प्रश्न भारतात आला तो प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कोलकात्यातल्या भारतीय सांख्यिकी संस्थेमुळे. १९३१ साली स्थापन झालेल्या या संस्थेला शेतीच्या आकड्यांचा अर्थ लावायला गणिती हवे होते. १९३२ च्या अखेरीस महालनोबिस स्वतः राजचंद्र बोस यांच्याकडे गेले. बोस तेव्हा आशुतोष कॉलेजात शिकवत होते. होशंगाबादला जन्मलेल्या, भूमितीत रमणाऱ्या या माणसाला संख्याशास्त्राचा गंध नव्हता; तो त्यांनी कामावर राहून शिकून घेतला. पुढे जर्मनीत ज्यू म्हणून नोकरी गेलेले फ्रीडरिख लेवी कोलकाता विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक म्हणून आले आणि त्यांच्याकडून बोस यांना सान्त भूमिती आणि सान्त क्षेत्रे (मोजक्याच संख्यांत बेरीज-गुणाकार-भागाकार चालतो अशा रचना) यांची गोडी लागली. बोटांवर मोजण्याइतके बिंदू असलेली ही भूमिती तोवर निव्वळ कल्पनाविलास समजली जाई. १९३८ च्या जानेवारीत फिशर कोलकात्याला आले असताना त्यांनी एका चर्चेत लॅटिन चौरसांच्या पूर्ण संचांचा प्रश्न टाकला. बोस यांनी सान्त क्षेत्रे वापरून तो सोडवला आणि त्याच वर्षी 'संख्या' या संस्थेच्या नियतकालिकात छापला. चौरसाचा आकार मूळ संख्या किंवा तिचा घात असेल तर चौरसांचा पूर्ण संच आता सूत्रावरून मांडता येऊ लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी वाफ्यांच्या संतुलित गटांची, म्हणजे ज्याला डिझाइन म्हणतात त्याची, बांधणी दिली.

मराठी माणसे या क्षेत्रात तेव्हा होतीच. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे लंडनहून डॉक्टरेट घेऊन आले होते आणि वि. गो. पानसे इंदूरच्या संस्थेत कापसावर प्रयोग करत होते. दोघांनी मिळून लिहिलेले शेतकी संशोधकांसाठीचे सांख्यिकीचे पुस्तक १९५४ साली निघाले आणि कृषी महाविद्यालयांतल्या कित्येक पिढ्यांनी ते वापरले. पण त्यांचा ओढा शेताकडे होता. गणिताकडे ओढला गेला तो नागपूरचा एक तरुण.

शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१७ चा, मध्य प्रदेशातल्या सागरचा. वडील पिठाच्या गिरणीत साध्या नोकरीवर आणि घरात दहा भावंडे. शिष्यवृत्त्यांच्या आधाराने मुलगा नागपूरच्या सायन्स कॉलेजात गेला आणि बी.एस्सी. ऑनर्सला पहिला येऊन सुवर्णपदक मिळवले. इतके करूनही नोकरी मिळेना. तेव्हा ते वर्षभर कोलकात्याच्या सांख्यिकी संस्थेत राहिले आणि तिथे बोस यांची गाठ पडली. या वर्षाने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली असे म्हणायला हरकत नाही. पुढे ते नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकवू लागले. १९४७ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात, चॅपेल हिलला गेले. बोसही १९४९ पासून तिथेच स्थिरावले आणि १९५० साली श्रीखंडे यांनी त्यांच्याच मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट पूर्ण केली. तिथे राहता आले असते, पण ते नागपूरला परतले आणि पुन्हा खडू हातात घेतला.

आता टेलिफोनवाले घराणे. श्रीखंडे चॅपेल हिलला शिकत होते त्याच काळात न्यू जर्सीतल्या, त्या टेलिफोन कंपनीच्या बेल लॅबोरेटरीतल्या क्लॉड शॅनन यांचा संदेशवहनाच्या गणितावरचा निबंध जुलै आणि ऑक्टोबर १९४८ अशा दोन हप्त्यांत प्रसिद्ध झाला. आवाज असो, तार असो की चित्र, सगळ्या माहितीचे माप एकच, बिट. आणि वाटेत कितीही खरखर असली तरी एका मर्यादेच्या आतल्या वेगाने पाठवलेला संदेश जवळपास बिनचूक पोहोचवता येतो, असे शॅननने सिद्ध केले. कसा पोहोचवायचा, हे मात्र त्या निबंधाने पुरते सांगितले नाही. त्याच इमारतीत रिचर्ड हॅमिंग वेगळ्या कारणाने वैतागले होते. शनिवार-रविवारी मशिनवर लावलेले गणित एका चुकीपाशी अडकून थांबे आणि सोमवारी सगळे मुसळ केरात. चूक झाली हे मशिनला कळते, तर ती कुठे झाली हेही त्याला का कळू नये, या त्राग्यातून हॅमिंग कोड आला. तो १९५० साली छापला गेला. थोडे जास्तीचे आकडे मुद्दाम जोडायचे, म्हणजे एखादा आकडा बिघडला तरी मूळ संदेश ओळखता येतो, ही त्यामागची युक्ती.

एक गंमत अशी की याच हॅमिंग कोडचा सांगाडा फिशरच्या १९४२ च्या, शेतीप्रयोगांवरच्या एका लेखात आधीच पडून होता. बोस यांनी १९४७ साली 'संख्या'त लिहिलेल्या प्रयोग-आराखड्यांच्या लेखातही तो आहे. संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी प्रयोगांच्या मांडणीसाठी त्याच वर्षी सांगितलेली मर्यादा ही, कोडमध्ये किती शब्द बसतील याच्या हॅमिंगच्या मर्यादेची जुळी बहीण ठरली. पण यांतल्या एकाही लेखकाच्या डोक्यात टेलिफोन नव्हता. आपल्याकडे पुष्कळदा अशा ठिकाणी छाती फुगवून 'हे तर आम्ही आधीच शोधले होते' म्हटले जाते. तसे म्हणता येणार नाही. हत्यार घडवलेले होते, पण ते कोणत्या कामाला लागेल हे बेल लॅबोरेटरीने दाखवले. एका घराण्याचे लेख दुसऱ्याने वाचायला मध्ये दहा वर्षे गेली.

शेत आणि टेलिफोन यांचे नाते वरच्या नऊ वाफ्यांतच दिसते. समजा शेतावरचा माणूस फोनवरून वाफ्याची माहिती कळवतो: आडवी रांग पहिली, उभी रांग दुसरी, वाण ख, खत ३. फोनवर ख चा क ऐकू आला आणि कचेरीत नोंद झाली: पहिली, दुसरी, क, ३. तक्ता समोर असेल तर कारकुनाला चूक लगेच समजेल, कारण त्या वाफ्यात ख३ आहे. पण चूक वाणातच आहे कशावरून? रांगच चुकीची ऐकली असेल तर? पाहा: दुसऱ्या उभ्या रांगेत क३ कुठेच नाही, म्हणजे आडव्या रांगेचा आकडा बदलून भागत नाही. पहिल्या आडव्या रांगेतही क३ नाही. खत बदलूनही जुळत नाही, कारण त्या वाफ्यात क वाणच नाही. चार गोष्टींपैकी एकच चुकली असेल तर ती वाणच असणार, आणि मूळ वाण ख. चारपैकी कोणतीही एक गोष्ट चुकली तरी ती या रीतीने सापडते आणि दुरुस्त होते. वाफ्याचा पत्ता सांगायला रांगांचे दोन आकडे पुरे होते. उरलेले दोन आकडे चुकीवरचा पहारा. तारा आणि उपग्रह यांच्यासाठी लागतात ते कोड हेच, फक्त आकाराने मोठे.

म्हणजे ऑयलरचा दहाचा प्रश्न कोडच्या भाषेत असा होतो: ०० ते ९९ या शंभर क्रमांकांना प्रत्येकी दोनच आकडे असे जोडता येतील का, की चारपैकी कुठलाही एक आकडा बिघडला तरी मूळ क्रमांक कळेल? ऑयलरप्रमाणे उत्तर 'नाही' असायला हवे होते.

१९५८ साली श्रीखंडे पाहुणे प्राध्यापक म्हणून चॅपेल हिलला गेले आणि गुरुशिष्य पुन्हा एकत्र आले. बोस यांची भूमिती आणि वाफ्यांच्या गटांची डिझाइने जोडून दोघांनी २२ बाय २२ आकाराचे दोन एकमेकांत बसणारे चौरस रचले. २२ ही ऑयलरच्या बंदी घातलेल्या यादीतलीच संख्या, म्हणजे १७७ वर्षांचा अंदाज कोसळला. रेमिंग्टन रँडच्या युनिव्हॅक विभागात काम करणारे अर्नेस्ट पार्कर यांनी नेमका १० बाय १० चा चौरस शोधला. मग तिघांनी मिळून दाखवले की २ आणि ६ सोडले तर यादीतल्या प्रत्येक आकाराचे असे चौरस मिळतात. १९५९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या न्यू यॉर्कच्या बैठकीत ही बातमी जाहीर झाली आणि २६ एप्रिलच्या 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर ती छापून आली. नोव्हेंबरच्या 'सायंटिफिक अमेरिकन'च्या मुखपृष्ठावर दहाचा चौरस रंगवलेला होता. गणित्यांनी तिघांना 'ऑयलरचा खेळ मोडणारे' असे टोपणनाव दिले. गिरणी कामगाराचा मुलगा, सरकारी कॉलेजातला मास्तर एका सकाळी जगभर माहीत झाला. मराठीत श्रीखंडे यांच्यावर जे थोडेफार लिहिले गेले ते जवळजवळ सगळे याच घटनेभोवती फिरते, आणि ते स्वाभाविकही आहे.

माझ्या मते मात्र त्याच वर्षीचा दुसरा, कमी गाजलेला लेख जास्त मोलाचा. 'इन्फर्मेशन अँड कंट्रोल' या नव्याने निघालेल्या नियतकालिकात बोस आणि श्रीखंडे यांनी कोड रचण्याच्या एका निष्कर्षावर डझनभर पानांचे टिपण लिहिले. मॉरिस प्लॉटकिन यांनी दाखवले होते की कोडमधले शब्द एकमेकांपासून पुरेसे वेगळे हवेत असे म्हटले की शब्दांच्या संख्येला एक कमाल मर्यादा पडते. ही मर्यादा प्रत्यक्षात गाठता येते का? बोस-श्रीखंडे यांचे उत्तर असे: गाठता येते, पण त्या आकाराचा हादामार चौरस अस्तित्वात असेल तरच. अधिक-उणे एक अशा चिन्हांचा हा चौरस, ज्यातल्या कोणत्याही दोन ओळी निम्म्या जागी जुळतात आणि निम्म्या जागी जुळत नाहीत. फ्रेंच गणिती झाक हादामार यांनी १८९३ साली त्याचा विचार केला होता, तोही निर्धारकांच्या संदर्भात. संदेशवहनाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. चारच्या प्रत्येक पटीला असा चौरस मिळतोच का, हे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. त्या टिपणाने कोड आणि डिझाइन ही दोन क्षेत्रे अशी बांधली की एकाचा प्रश्न दुसऱ्याचा झाला. पुढे १९६४ साली सॉलोमन गोलोम आणि एडवर्ड पोस्नर यांनी लॅटिन चौरसांचेही कोडशी असलेले नाते उघड मांडले.

त्याचा उपयोग कळायला १९७१ साल उजाडले. ३० मे रोजी निघालेले मरीनर ९ हे यान १४ नोव्हेंबरला मंगळाभोवती फिरू लागले. दुसऱ्या ग्रहाची प्रदक्षिणा करणारे हे पहिले यान. तिथून येणारा संदेश इतका क्षीण की सहा बिटांपैकी एखादा बिघडण्याचा धोका मोठा. म्हणून चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याची ६४ पैकी एक करडी छटा सहा बिटांऐवजी ३२ बिटांत पाठवली गेली. हे ६४ शब्द म्हणजे ३२ आकाराच्या हादामार चौरसाच्या ओळी आणि त्यांच्या उलट ओळी. कोणतेही दोन शब्द निदान १६ ठिकाणी वेगळे, त्यामुळे ३२ पैकी ७ बिट बिघडले तरी पृथ्वीवरच्या यंत्राला मूळ छटा कळे. हा कोड खुद्द बोस-श्रीखंडे यांनी शोधलेला नव्हता. तो १९५४ पासून रीड आणि मुलर यांच्या नावाने ज्ञात होता. पण ३२ बिटांत, इतके अंतर राखून, ६४ हून जास्त शब्द बसूच शकत नाहीत ही मर्यादा प्लॉटकिनची, आणि ती गाठायची तर हादामार चौरसाला पर्याय नाही हे बोस-श्रीखंडे यांचे. यान पोहोचले तेव्हा मंगळावर धुळीचे भलेमोठे वादळ चालू होते. ते ओसरल्यावर ज्वालामुखी आणि प्रचंड दऱ्या दिसल्या. एकूण ७,३२९ चित्रे आली.

बोस यांचे आणखी एक काम १९६० च्या मार्चमध्ये त्याच नियतकालिकात आले. आपले विद्यार्थी द्विजेंद्रकुमार रायचौधुरी यांच्याबरोबर त्यांनी सान्त क्षेत्रांवरून असे कोड रचले की किती चुका दुरुस्त व्हायला हव्यात ते आधी ठरवायचे आणि त्या मापाचा कोड बेतून घ्यायचा. फ्रान्समधल्या अलेक्सी ओकेंगेम यांनी १९५९ मध्ये स्वतंत्रपणे हेच शोधले होते, म्हणून तिघांच्या आद्याक्षरांवरून बीसीएच कोड. १९३८ साली लॅटिन चौरस मांडायला वापरलेलीच सान्त क्षेत्रे इथे पुन्हा कामी आली. चॅपेल हिलच्या संख्याशास्त्र विभागातून टेलिफोन अभियंत्यांचे हत्यार निघाले, याचे अनेकांना नवल वाटते. वाफ्यांची गोष्ट ठाऊक असेल तर ते वाटायचे कारण नाही. नव्वदच्या दशकात मुंबईकरांच्या पट्ट्याला लटकणारे पेजर बीसीएचवर चालत. आज सोलापुरात चहाच्या टपरीवर चिकटवलेला क्यूआर कोड पाहा. डाव्या वरच्या मोठ्या चौकोनाला लागून काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची एक पट्टी असते. तिच्यात पंधरा बिट आहेत: पाच माहितीचे आणि दहा बीसीएच कोडचे पहारेकरी. पंधरापैकी तीन ठिपक्यांवर चहा सांडला तरी मोबाइल ते पाच बिट बरोबर वाचतो. उरलेल्या चौकोनातली मुख्य माहिती रीड-सॉलोमन कोडमध्ये असते, आणि तोही याच कुळातला.

श्रीखंडे १९६० साली भारतात परत आले. तीन वर्षे बनारस हिंदू विद्यापीठात काढून १९६३ साली ते मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले आणि १९७८ ला निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. विद्यापीठातले गणिताचे प्रगत अध्ययन केंद्र त्यांच्या हाताखाली उभे राहिले. वासंती भट-नायक, नवीन सिंघी अशी माणसे तिथे तयार झाली. डिझाइन आणि आलेख (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची जाळी) यांच्या अभ्यासाचे मुंबई हे जगात ओळखले जाणारे ठिकाण झाले. १६ बिंदूंच्या एका आलेखाला तर श्रीखंडे यांचेच नाव आहे. ती परंपरा पुढे चालली: त्यांचे चिरंजीव मोहन श्रीखंडे आणि मुंबईचे शरद साने यांनी १९९१ साली केंब्रिजतर्फे प्रसिद्ध केलेल्या अर्धसममित डिझाइनांवरच्या पुस्तकातही कोड आणि डिझाइन यांचे नाते येते. पण विद्यापीठाच्या भिंतीपलीकडे, दूरसंचार खात्यात किंवा कारखान्यात, हे गणित गेले नाही. साठ-सत्तरच्या दशकांत आपल्याकडे कोड वापरणारे उद्योगच नव्हते. ज्या देशात टेलिफोनसाठी दहा दहा वर्षे नंबर लावावा लागे, तिथे टेलिफोनच्या गणिताला गिऱ्हाईक कुठून मिळणार? सिद्धांत इथला आणि यंत्रे तिथली, ही फाळणी पुढे बरीच वर्षे टिकली.

ती हळूहळू मिटते आहे. आयईईई या जागतिक संस्थेच्या इन्फर्मेशन थिअरी सोसायटीची आंतरराष्ट्रीय कार्यशाळा ऑक्टोबर २००२ मध्ये बंगळूरुला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत भरली. या दोन तारखांच्या मधल्या काळात मोबाइल गावोगाव गेला आणि कोडवर काम करणाऱ्या इथल्या माणसांना इथेच काम मिळू लागले. शेतातले गणितही मागे पडलेले नाही. २००१ साली यू कोउ, शू लिन आणि मार्क फोसोरिए यांनी एलडीपीसी या आजच्या वेगवान कोडांचे एक सबंध कूळ सान्त भूमितीवरून बांधले, लेवी यांनी बोस यांना शिकवली त्याच भूमितीवरून. मुंबईची कार्यशाळा भरली त्याच वर्षाच्या सुरुवातीला मद्रास आयआयटी आणि पोलंडमधले संशोधक यांनी छत्तीस अधिकाऱ्यांचा प्रश्न पुंज भौतिकीत नेऊन सोडवला. एकमेकांत गुंतलेल्या पुंज अवस्था चालत असतील तर सहा बाय सहाची मांडणीही होते. आणि तिच्यातून काय निघाले? चुका पकडणारा एक पुंज कोड.

श्रीखंडे यांना हे पाहायला मिळाले नाही. पत्नीच्या निधनानंतर बरीच वर्षे ते अमेरिकेत मुलांकडे होते. २००९ साली भारतात परतून विजयवाड्याच्या एका आश्रमात राहिले आणि २१ एप्रिल २०२० रोजी, देश टाळेबंदीत असताना, वयाच्या १०२ व्या वर्षी तिथेच वारले. ऑयलरच्या निमित्ताने वृत्तपत्रांनी त्यांची आठवण काढली. हादामार चौरसाचा उल्लेख फार थोड्यांनी केला.

सोलापूरच्या, आणि खरे तर कुठल्याही जिल्ह्यातल्या, इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना हॅमिंग आणि बीसीएच शिकवतात, तर कृषी महाविद्यालयात लॅटिन चौरस शिकवतात. दोन्हीकडच्या शिक्षकांनी एक तास एकत्र घ्यावा, फळ्यावर नऊ वाफे काढावेत आणि मुलांकडून एक चूक पकडून घ्यावी. आणि ज्याला पदवीपुरते गणित येते त्याने १९५९ चे ते बोस-श्रीखंडे यांचे टिपण काढून जरूर वाचावे. ते समजायला त्याहून जास्त तयारी लागत नाही.